गायक बदलला की बँड संपतो : सच्च्या चाहत्यांना काही सूचना

मेटलकोरचा, म्हणजे हेवी मेटल आणि हार्डकोर पंक यांच्या किंचाळत्या मिश्रणाचा, सच्चा चाहता व्हायचं असेल तर आधी एक गोष्ट मनावर कोरून घ्या. गाणी ऐकायची नसतात. गाणी काय, सोम्यागोम्याही ऐकतो. सच्चा चाहता ऐकत नाही, ऐकवतो. तेही शो रंगात आलेला असताना, शेजारच्याच्या कानाला तोंड लावून, ब्रेकडाउन, म्हणजे गाण्यातला तो संथ, जड तुकडा, पडायच्या नेमकं आधी.

हे ज्ञान मला 'किलस्विच एंगेज' या अमेरिकन मेटलकोर बँडच्या शोला मिळालं. २०२५च्या फेब्रुवारीत त्यांचा 'धिस कॉन्सिक्वेन्स' अल्बम आला, त्यानंतरची गोष्ट. हॉल मॅसॅच्युसेट्समधलाच, म्हणजे बँड ज्या वेस्टफील्ड गावातून निघाला तिथून गाडीने तासाभराचा रस्ता. घरचं मैदान, घरचा संघ. दाढ्या, टोप्या, काळे टी-शर्ट, सांडलेली बिअर. दुसरं गाणं सुरू होतंय न होतंय तोच मागून बँडच्या जुन्या गायकाची आठवण काढणारा आवाज आला, "अरे हा काय गाणार, हॉवर्ड पाहिजे होता!"

मराठीत. आणि मी वळून बघितलं.

तिथेच चुकलं. परदेशात गर्दीत मराठी कानावर पडलं तर मान वळवायची नसते, हे मंडळाच्या बारा गणपतींत शिकलोय. तरी वळलो. "अरे वा, मराठी का? मी ठाण्याचा, आता जर्सीला." झालं. पुढचा सव्वा तास स्टेजवर पाच जण वाजवत होते आणि माझ्या उजव्या कानात सहावा.

तिकिटाचे पैसे मी भरलेले, सर्व्हिस फी वेगळी (तिच्याबद्दल बोलायलाच नको), पार्किंगचे चाळीस डॉलर वेगळे. एवढं करून पदरात पडलं ते ठाणेकरांचं व्याख्यान. आता ते एकट्याने पचवणं बरं नाही, म्हणून सूचनांच्या रूपात तुमच्यापुढे ठेवतो. सगळं फुकट, सर्व्हिस फीसुद्धा नाही.

पहिली सूचना : बाजू निवडा. सुरुवातीला जेसी लीच गायचा, २००२ ते २०१२ हॉवर्ड जोन्स, त्यानंतर पुन्हा जेसी. तुम्ही जेसीवाले की हॉवर्डवाले, हे घरातून निघतानाच ठरलेलं असावं. दोघंही आवडतात म्हणणारा म्हणजे पुण्याचीही मिसळ चांगली आणि कोल्हापूरचीही चांगली म्हणणारा. अशा माणसाला मुळात मिसळच कळलेली नसते.

दुसरी सूचना : 'ओरिजिनल' हा शब्द जपून वापरा. हॉवर्डवाल्यांची इथे पंचाईत होते. बँड १९९९चा, पहिला अल्बम २०००चा, 'अलाइव्ह ऑर जस्ट ब्रीदिंग' २००२चा, आणि या दोन्ही अल्बमवर आवाज जेसीचा. म्हणजे ओरिजिनल तोच. घाबरू नका. 'प्राइम' म्हणा. "प्राइममध्ये हॉवर्डच होता." या शब्दाला तारीख लागत नाही.

तिसरी : चाल लागली की 'सेलआउट', म्हणजे पैशासाठी विकले गेले, असं म्हणा.

चौथी : गायक सोडून बँडमध्ये आणखी चार माणसं असतात, त्यांची नावं लक्षात ठेवू नका. ती सजावटीला असतात.

पाचवी : कुस्तीपटू सीएम पंक. २००६ साली या बँडने डब्ल्यूडब्ल्यूईसाठी 'धिस फायर बर्न्स' केलं आणि २०११पर्यंत पंक त्यावर रिंगणात यायचा. टेन स्पोर्ट्सवर कुस्ती बघत वाढलेल्या आपल्याकडच्या पोरांना बँडचं नाव माहीत नसलं तरी ते गाणं तोंडपाठ. तेव्हा प्रत्येक दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत "पंक! पंक!" असं ओरडत राहा. ठाणेकर ओरडले. सात वेळा. ड्रमर जस्टिन फोली पाणी पिताना एकदा आमच्या दिशेने बघत होता, त्याला ते ऐकू आलं असावं अशी मला दाट शंका आहे, आणि मी त्या माणसाच्या शेजारी उभा होतो.

सहावी : ग्रॅमीचा विषय काढा. "अरे, एक ग्रॅमी नाही यांच्याकडे!" खरंच नाही. तीनदा नामांकन, तीनदा हात हलवत परत. २००५ला समोर मोटरहेड, तेही मेटालिकाच्याच गाण्याची नवी आवृत्ती घेऊन. २०१४ला ब्लॅक सॅबथ. २०२०ला टूल. रणजीच्या संघाला तीनदा फायनलला ऑस्ट्रेलियाच लागावी तसं. पण हा तपशील तुम्ही सांगू नका, मुद्दा बोथट होतो. शिवाय एक नामांकन हॉवर्डच्या काळातलं आणि दोन जेसीच्या, हे तर मुळीच बोलू नका.

सातवी : फोन. उजवा हात उंच, कोपर शेजारच्याच्या कपाळासमोर. गिटारवाला ॲडम डटकेविच अर्ध्या चड्डीत, पाठीवर झगा सोडून, डोक्याला घाम टिपायची पट्टी बांधून स्टेजभर उड्या मारतोय, वात्रट विनोद करतोय. हे दृश्य डोळ्यांनी बघण्यात काय मजा? सहा इंचांत बघा. फ्लॅश चालू ठेवा, म्हणजे समोरच्याच्या टकलावर प्रकाश पडतो. एका हाताचा फोन दुसऱ्या हातात घेताना मॉश पिटमधून, म्हणजे प्रेक्षक एकमेकांवर आदळत नाचतात त्या घोळक्यातून, कुणी अंगावर आदळलं तर त्यालाच "भाई, देख के" म्हणा. मॅसॅच्युसेट्समध्ये. हिंदीत.

आठवी सूचना खास आपल्या वयाच्या मंडळींसाठी. तुम्ही किती जुने आहात ते सांगा. हॉस्टेलच्या लॅनवर किलस्विचचा 'दि एंड ऑफ हार्टेक' अल्बम उतरवायला किती रात्री लागल्या ते सांगा. मुंबईत स्क्राइब आणि भयानक मौत हे बँड बघितल्याचं सांगा, जुहूच्या रॅझबेरी ऱ्हायनोसेरस क्लबमध्ये घामाघूम उभं राहिल्याचं सांगा. (मीही तिथेच होतो. या एका मुद्द्यावर आमचं तीन मिनिटं फार छान जमलं. मग त्यांना हॉवर्ड आठवला.)

नववी सूचना सर्वांत महत्त्वाची : गायक का गेला, हे कधीही विचारू नका.

कारण विचारलं की फार गोंधळ होतो. २००२मध्ये 'अलाइव्ह ऑर जस्ट ब्रीदिंग' आला, लोकांनी डोक्यावर घेतला, पुढे दौरे लागले आणि जेसीने बँडला एक ईमेल पाठवला, मी थांबतो म्हणून. ईमेल! पळपुटा! बास, एवढ्यावर थांबा. पुढे जाऊ नका. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं, घसा जाग्यावर नव्हता, डोकं तर त्याहून नव्हतं आणि त्या वयात नैराश्य हा शब्द त्या व्हॅनमध्ये कुणी उच्चारत नव्हतं, असल्या बारकाव्यांत शिरलात तर भांडायचं काय? मग हॉवर्ड आला. दोन अल्बममध्ये बँड कुठच्या कुठे गेला, डिओच्या 'होली डायव्हर' या जुन्या गाण्याला नवं अंग दिलं, आणि २०१०मध्ये तोच हॉवर्ड दौऱ्यावर येऊ शकला नाही. 'ऑल दॅट रिमेन्स' या बँडचा फिल लाबॉन्टे त्याच्या जागी उभा राहून गायला. २०१२च्या जानेवारीत हॉवर्ड गेला. का? टाइप २ डायबेटिस हाताबाहेर गेलेला, हे त्याने नंतर स्वतःच लिहून कळवलं. मनाचंही खूप वर्षं चाललेलं, तेही त्याने पुढे सांगितलं. पण तुम्ही काय म्हणायचं? "काढला रे त्याला. पॉलिटिक्स." ठाणेकर हेच म्हणाले. मी म्हटलं, अहो, आजारी होता. तर म्हणाले, "आजारी सगळेच असतात." आजारी सगळेच असतात! रोज रात्री दीड तास, आतडी पिळवटून किंचाळायचं, मग बसमध्ये झोपायचं, सकाळी दुसऱ्या गावात उठायचं, हॉटेलच्या बेसिनपाशी इन्सुलिन की गोळ्या ते बघायचं, आणि पुन्हा रात्री किंचाळायचं. ऑफिसात एसीचा वारा लागला म्हणून घरून काम करणारी माणसं आपण. मला सर्दी झाली तर मी दोन दिवस टीम मीटिंगला कॅमेरा लावत नाही. आणि आपण ठरवणार की कोण पळपुटा आणि कोण खरा!

असो. सूचना चालू ठेवतो.

दहावी : जेसी परत आला तेव्हा "पैशासाठी आला" म्हणा.

अकरावी : जेसीचा आवाज आता पूर्वीसारखा राहिला नाही, असं म्हणा. हे खरंही आहे. २०१८मध्ये त्याच्या घशावर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर बोलायला, गायला, किंचाळायला पुन्हा बसवावा लागला तो गळा. म्हणजे आवाज पूर्वीसारखा नाहीच, तो मेहनतीने परत कमावलेला आहे. पण तुम्ही "पूर्वीसारखा नाही" एवढंच म्हणायचं आणि मान हलवायची. दुःखाने.

बारावी...

बारावी नाही. पुरे झालं. बाराव्या सूचनेच्या जागी जे त्या रात्री तोंडावर बोलता आलं नाही ते बोलतो. आतापर्यंत अहोजाहो केलं, आता जमणार नाही.

अरे बाबा, तू ज्या भांडणाचा वकील होऊन जर्सीहून चार तास गाडी हाकत आलास, ते भांडण चालू नाहीये. ते कधी नव्हतंच. २०१९च्या 'अटोन्मेंट' अल्बममध्ये 'द सिग्नल फायर' नावाचं गाणं आहे, त्यात जेसी आणि हॉवर्ड दोघं एकत्र गातात. एकाच गाण्यात. आलटून पालटून, एकमेकांना जागा देत. ज्यांचं वाकडं असायला हवं होतं ती दोन माणसं एका गाण्यात मावतात आणि तू अजून वर्गातल्या पोरांसारखा 'माझा पक्का, तुझा कच्चा' खेळतोयस. किती वर्षं झाली त्या गाण्याला! मी तुला सांगितलं तर म्हणालास, "ते मी नाही ऐकलं, हॉवर्ड गेल्यावर मी ऐकणं सोडलं." सोडलंस तर आलास कशाला? माझ्या कानात बोलायला?

आणि ती चार 'सजावटीची' माणसं. माइक डॅन्टोनियो पहिल्या दिवसापासून बासवर आहे, आणि तू ज्या अल्बमची कव्हरं फोनच्या वॉलपेपरला लावतोस ती त्याने काढलेली आहेत. जोएल स्ट्रोएत्झल पहिल्या दिवसापासून गिटारवर. ॲडम सुरुवातीला ड्रम वाजवायचा, मग गिटारवर आला, आणि बँडच्या अल्बमची निर्मितीही बहुतेक त्यानेच सांभाळली. २००७मध्ये त्याच्या पाठीचं ऑपरेशन झालं, इंग्लंडमधल्या हॉस्पिटलच्या खाटेवर पडल्या पडल्या त्याला चाली सुचल्या. त्या चाली गायला त्याने कुणाला बोलावलं? जेसीला. ईमेल टाकून गेलेल्या त्या 'पळपुट्या'ला. त्यातून 'टाइम्स ऑफ ग्रेस' हा बँड उभा राहिला, २०११ला अल्बम आला, आणि वर्षभरात जेसी किलस्विचमध्ये परत. म्हणजे दार उघडंच होतं. फोली २००३पासून ड्रमवर आहे. तेव्हापासून हे चौघं बदललेले नाहीत. दोन गायकांच्या जाण्यायेण्यात, आजारपणांत, ऑपरेशनांत ज्यांनी बँड धरून ठेवला त्यांच्याकडे पाठ करून तू सबंध शोभर माझ्याशी बोलत होतास. अक्षरशः पाठ करून! मला जोएल दिसला तो तुझ्या खांद्यावरून.

तुला हॉवर्ड आवडतो ना? मलाही आवडतो. त्याचा आवाज ऐकून माझ्याही अंगावर काटा आलाय. मग त्याचा 'लाइट द टॉर्च' हा बँड ऐक. तो माणूस अजून गातोय. त्याच्या शोला जा, तिकीट काढ, टी-शर्ट घे, त्याला त्याचा फायदा होईल. जेसीच्या शोमध्ये त्याच्या नावाने बोंबा मारून हॉवर्डला काही मिळत नाही रे, आणि समोर गाणारा माणूस आधीच स्वतःच्या डोक्याशी वीस वर्षं झगडतोय, हे तो दर मुलाखतीत सांगतो. ऐकायचं असतं तर ऐकलं असतंस.

नंबर घेतलास, मी दिला, चूक माझी. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर पाच व्हिडिओ आले. हॉवर्डच्या काळातल्या 'माय कर्स'चा लावला. सुरुवातीला माझ्या डोक्याचा मागचा भाग, मग जरासा ॲडमचा झगा, आणि गिटारच्या वरताण तुझा आवाज, "थांब, आता वरची पट्टी येईल, बघ कसा चुकतो."

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "हे कोण बोलतंय?"

मी आवाज वाढवला. वरची पट्टी आली. जेसी चुकला नाही.