जागा दुप्पट झाल्या, म्हणून कॅन्सरतज्ज्ञ दुप्पट होतील?

एक मेसेज सध्या बराच फिरतो आहे. त्याचा सारांश असा: २०१४ पूर्वी देशात एमबीबीएसच्या ५१ हजार जागा होत्या, आता त्या १ लाख १८ हजारांच्या घरात आहेत, त्यामुळे पाच वर्षांत कॅन्सरच्या डॉक्टरांचा तुटवडा संपेल. तरीही कमतरता उरलीच, तर ती डॉक्टर परदेशी पळतात म्हणून. आणि केमोथेरपी आता जिल्हा रुग्णालयातच मिळणार आहे, तेव्हा मुंबईच्या फेऱ्या बंद.

जागांचे आकडे २०२४-२५ पुरते बरोबर आहेत. पुढचे बहुतेक सगळे घाईचे आहे.

आधी "पाच वर्षांत". एमबीबीएस इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचे. मग नीट-पीजी ही प्रवेश परीक्षा आणि तीन वर्षे एमडी मेडिसिन. मग नीट-एसएस ही पुढची प्रवेश परीक्षा आणि डीएम मेडिकल ऑन्कॉलॉजी या कॅन्सरतज्ज्ञाच्या पदवीची आणखी तीन वर्षे. म्हणजे साडेअकरा वर्षे, तीही कुठल्याच परीक्षेसाठी एखादे वर्ष घरी बसून अभ्यास न करता. २०२५ मध्ये प्रवेश घेतलेली मुलगी मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट होईल ती २०३७ च्या सुमारास. पाच वर्षांत जे तज्ज्ञ मिळणार आहेत ते आज एमडी किंवा डीएम करत आहेत. एमबीबीएसच्या अलीकडे वाढलेल्या जागांचा त्यांच्याशी संबंध नाही.

शिवाय मेसेजमध्ये "कॅन्सरचा डॉक्टर" हा एकच माणूस धरला आहे. प्रत्यक्षात औषधांचे उपचार मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट करतो, शस्त्रक्रिया सर्जिकल ऑन्कॉलॉजिस्ट करतो (त्यासाठी एमएस या शस्त्रक्रियेच्या पदवीनंतर एमसीएच), आणि किरणोपचार रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट देतो. हा तिसरा एमबीबीएसनंतर थेट तीन वर्षांच्या एमडीने तयार होतो, म्हणजे सर्वांत लवकर. हे तीन मार्ग वेगळे आणि तिन्हींची दुखणीही वेगळी.

"जागा वाढवल्या की झाले." मेडिकल ऑन्कॉलॉजीपुरते बोलायचे तर मागणी भरपूर आहे, चांगल्या रँकची मुले ती निवडतात. इथे अडतो तो शिकवणारा. डीएमची जागा फळ्यावर आकडा लिहून मिळत नाही; विभागात मार्गदर्शक म्हणून पात्र प्राध्यापक किती, खाटा किती, ओपीडीत रुग्ण किती, यावर ती ठरते. आपल्याकडे हा अभ्यासक्रम मुळात उशिरा आला. ऑन्कॉलॉजीचे डीएम आणि एमसीएच देशात पहिल्यांदा सुरू झाले ते १९८४ मध्ये, चेन्नईच्या अड्यार कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये. तेव्हापासून जे तज्ज्ञ तयार झाले त्यांतले पुष्कळ खासगी रुग्णालयांत आहेत, कारण सरकारी महाविद्यालयातल्या सहयोगी प्राध्यापकाचा पगार आणि कॉर्पोरेट रुग्णालयातली कमाई यांची तुलनाच होत नाही. शिक्षकाचे पद रिकामे राहिले की त्याच्या हाताखालच्या जागाही जन्माला येत नाहीत.

किरणोपचारात गोष्ट उलटी. नीट-पीजीत वरच्या रँकवाले रेडिओलॉजी घेतात, रेडिओथेरपी नाही. (नातेवाईकांपासून पत्रकारांपर्यंत अनेक जण या दोन शाखांची गल्लत करतात. पहिली निदानासाठी चित्रे काढते, दुसरी उपचार करते.) कारण व्यवहारी आहे. रेडिओलॉजिस्ट तालुक्यात सोनोग्राफीचे केंद्र टाकू शकतो. रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्टला कोट्यवधींचा लिनॅक (किरणोपचाराचे यंत्र) आणि त्याभोवती जाड काँक्रीटचा बंकर लागतो. तो कुणीतरी बांधल्याशिवाय त्याला नोकरीच नाही. तेव्हा यंत्रांशिवाय इथे नुसत्या जागा वाढवणे म्हणजे बेकार तज्ज्ञ तयार करणे.

सुपरस्पेशालिटीच्या (म्हणजे डीएम, एमसीएचच्या) जागा रिकाम्या राहतात, हे तर आपण पाहिलेच आहे. नीट-एसएस २०२१ च्या फेऱ्यांनंतर देशभरात ९४० जागा उरल्या आणि पात्रतेची अट सोडून विशेष फेरी घ्यावी लागली. अशा रिकाम्या जागा हृदयशल्यचिकित्सा, बालशल्यचिकित्सा यांसारख्या शाखांत जास्त असतात, पण आकडा वाढवला की डॉक्टर वाढतो हा समज मोडायला एवढे पुरे.

"सगळे परदेशी पळतात." यावर फार वेळ घालवत नाही. भारतातले डीएम घेऊन अमेरिकेत थेट प्रॅक्टिस करता येत नाही. तिथली परीक्षा, रेसिडेन्सी, फेलोशिप सहसा पुन्हा करावी लागते. म्हणून तिकडे जाणारे बहुधा एमबीबीएसनंतरच जातात. आणि तुटवडा अमेरिकेलाही चुकलेला नाही: अमेरिकेतल्या ऑन्कॉलॉजिस्टांच्या संघटनेसाठी झालेल्या अभ्यासाने २००७ मध्येच, २०२० पर्यंत २,५५० ते ४,०८० तज्ज्ञ कमी पडतील असा अंदाज मांडला होता. आपली मोठी गळती देशातल्या देशात आहे, जिल्ह्यातून महानगराकडे आणि सरकारीतून खासगीकडे. शिक्षणानंतर ठरावीक काळ सरकारी सेवेची अट घालणाऱ्या बंधपत्राने ती एखाददुसरे वर्ष थांबते. अशी बंधपत्रे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये वैध ठरवली, पण ज्या गावी यंत्र नाही, पॅथॉलॉजिस्ट नाही, तिथे सक्तीने बसवलेला तज्ज्ञ मुदत संपायची वाट बघतो.

माणूस लहान गावात टिकतच नाही, असेही नाही. बार्शीसारख्या तालुक्याच्या गावात नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय अनेक दशके चालू आहे, आणि देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी (परिसरातल्या कॅन्सर रुग्णांची पद्धतशीर नोंद) तिथेच १९८७ मध्ये सुरू झाली. तिथे आधी संस्था उभी होती, डॉक्टर तिच्याकडे आले.

आता शेवटचा मुद्दा, डे-केअर केंद्रांचा, म्हणजे रुग्णाला दाखल न करता दिवसभरात केमोथेरपी देणाऱ्या केंद्रांचा. यात मेसेज निम्मा बरोबर आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत अशी केंद्रे उघडण्याची घोषणा झाली, त्यांतली २०० पहिल्याच वर्षी. कल्पना आजमावलेली आहे. मध्य प्रदेशात जिल्ह्याचे डॉक्टर आणि नर्स यांना काही आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन केमोथेरपी जिल्ह्यात नेली गेली. केरळात २०२० च्या टाळेबंदीत तिरुवनंतपुरमच्या प्रादेशिक कॅन्सर केंद्राने रुग्णांची केमोथेरपी त्यांच्या जवळच्या सरकारी रुग्णालयांत देण्याची व्यवस्था केली. पहिली योजना तज्ज्ञाने आखायची, केमोथेरपीची पुढची सायकल (फेरी) जिल्ह्यात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरल्या तर तज्ज्ञाला फोनवर विचारायचे. प्रत्येक जिल्ह्याला डीएमवाला मिळेपर्यंत थांबायचे नसेल तर हाच रस्ता आहे, आणि त्यात नर्सचे प्रशिक्षण डॉक्टरांइतकेच मोलाचे.

पण मुंबईच्या फेऱ्या याने बंद होत नाहीत. केमोथेरपी बहुधा तीन आठवड्यांनी एकदा असते. तंबाखू-गुटख्याने झालेल्या तोंडाच्या कॅन्सरला किरणोपचार लागले तर ते आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला पाचेक आठवडे रोज, आणि त्यावर ब्रॅकीथेरपी, म्हणजे शरीराच्या आत स्रोत ठेवून दिलेले किरण. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कॅन्सरचे रुग्ण आठवडेच्या आठवडे मुक्कामाला असतात ते अशा उपचारांसाठीच. त्यावर डे-केअरची चार खुर्च्यांची खोली उपाय नाही.

दहा लाख लोकांमागे किमान एक किरणोपचार यंत्र असावे असे मानतात; आपण अजून तिथे पोहोचलेलो नाही. आणि यंत्र विकत घेतले तरी अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, त्यासाठी रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्टबरोबर मेडिकल फिजिसिस्ट (किरणांच्या मात्रेचे गणित सांभाळणारा), किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी आणि तंत्रज्ञ नेमावे लागतात. एमबीबीएसच्या १ लाख १८ हजार जागांतून यांतला फिजिसिस्ट कधीच बाहेर पडणार नाही. तो येतो भौतिकशास्त्राच्या पदवीतून आणि भाभा अणुसंशोधन केंद्रासारख्या ठिकाणच्या मोजक्या अभ्यासक्रमांतून.