रंग आमचे, हात आमचे, नाव कुणाचं?

सकाळी ग्रुपवर एक मेसेज आला आणि डोकंच फिरलं. शहर सुशोभीकरणासाठी चौकाचौकांत फायबरचे बैल बसवणार आहेत. ते रंगवायला कलाकार पाहिजेत. रंग-ब्रश आपापले आणायचे. मानधन नाही, प्रमाणपत्र मिळेल. आणि खाली ‘सुवर्णसंधी’!

कल्पना चांगलीच आहे. झ्युरिकमध्ये १९९८ ला अशा रंगवलेल्या गाई रस्त्यांवर आल्या, १९९९ ला शिकागोत, पुढे न्यूयॉर्कला. शेवटी लिलाव होऊन पैसा सेवाकार्याला गेला. असंच रंगवलेल्या हत्तींचं प्रदर्शन २००७ ला रॉटरडॅममध्ये सुरू झालं. थायलंडमध्ये भूसुरुंगावर पाय गमावलेल्या मोशा नावाच्या हत्तीच्या पिल्लावरून ते सुचलं होतं. २०१८ ला ते हत्ती मुंबईतही आले. सोलापुरात नंदी का नको? सिद्धेश्वरांचं गाव आहे हे! पण शिकागोत गाईचा खर्च पुरस्कर्त्यांनी उचलला, आणि कलाकाराचं मानधन त्यातच धरलेलं होतं. आपण तेवढंच नेमकं विसरायचं?

माझा मामा पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकमागची अक्षरं, कारहुणवीला, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या सणाला, गावाकडे बैलांची शिंगं. फ्लेक्स आले आणि हातचं काम गेलं. तेव्हा एका शोरूमवाल्याने त्याला दाराशी ठेवायचा फायबरचा बैल रंगवायला दिला. मी हाताखाली होतो. फायबर गुळगुळीत असतं, नुसता रंग धरतच नाही. आधी अंगभर पॉलिश पेपर मारायचा, मग प्रायमर, मग रंग, वरून क्लिअर कोट, नाहीतर आपल्या उन्हात वर्षभरात सगळं पांढरं पडतं. मामाने त्याच्या पाठीवर मयूरपंखी सोलापुरी चादर रंगवली. सपाट कापडावरची नक्षी वशिंडावर चढली की फाकते, म्हणून तिथे तो मोर पुसायचा, परत काढायचा. पोटाखालची किनार उताणं पडून केली. रंग मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होता.

उद्घाटनाला शाल-नारळ मिळाला. पाटीवर मालकाचं नाव. पैशाचं विचारलं तर, ‘तुमची जाहिरात झाली की!’

कुणी म्हणेल, संस्थांकडे पैसा नसतो. नसेल, मान्य. पण साचा काढणाऱ्याला देता, क्रेनवाल्याला देता, मांडववाला तर आधी ॲडव्हान्स घेतो. रंगवणाऱ्याच्याच वेळी तिजोरी रिकामी कशी होते? ज्याच्यामुळे लोक थांबून फोटो काढणार, त्यालाच फुकट राबवता? लाज वाटली पाहिजे.

मामाला मी तेव्हाही हेच म्हणालो होतो. तो म्हणाला, ‘जाऊ दे की बे, मोर बघ कसा बसलाय.’ खरंच बसला होता. पोरं त्या मोरावरून हात फिरवून जायची, आणि मामा समोरच्या टपरीवर उभा राहून बघायचा. त्याला कुणी ओळखायचं नाही. मला आजही ते आठवलं की गलबलून येतं. असा आनंद मिळतो म्हणूनच कलाकाराला गृहीत धरतात, आणि हेच मला सहन होत नाही.

हा मेसेज आर्ट कॉलेजच्या पोरापोरींनाही गेलाय. बाळांनो, काम जरूर करा, जीव ओतून करा. पण आधी लेखी घ्या: रंगाचा खर्च त्यांचा, मानधन किती ते आकड्यात, आणि बैलाच्या पायाशी पाटीवर तुमचं पूर्ण नाव. ग्रुपवर मी हेच विचारलंय. उत्तर आलं की इथेच टाकतो.