सोयाबीन भिजत घालायला ते काय साबुदाणा आहे?

आठ-दहा दिवसांपूर्वी सकाळी साडेसहाला औशाहून मामांचा फोन. "अरे, रात्री बी भिजू घातलं होतं. सालं हातात यायलीत. असंच असतंय का?"

असंच असत नाही, मामा. घरचं राखलेलं तीस किलो सोयाबीन, म्हणजे एका एकराचं बियाणं, गावच्या ग्रुपवरचा मेसेज वाचून मामांनी टिपाडात ओतलं होतं. मेसेज तुमच्याकडेही आला असेल: दहा लिटर पाण्यात चमचाभर जिब्रेलिक ॲसिड टाका, त्यात सोयाबीन रात्रभर भिजवा, उगवण 100 टक्के. जुनं, मेलेलं बीसुद्धा उगवतं. झाड दुप्पट, उत्पादन दुप्पट. नैसर्गिक संजीवक, म्हणून अपाय शून्य. द्राक्षवाले हेच वापरतात पण सांगत नाहीत. खाली हात जोडलेले चार इमोजी.

आधी भिजवण्याचं बघू, कारण नुकसान तिथेच झालंय. सोयाबीनचं साल अगदी पातळ. आत दोन मोठ्या डाळी, त्यात चाळीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं, आणि ती पाणी अधाशासारखी ओढतात. वाळलेल्या बीच्या पेशींची आवरणं आक्रसलेली असतात. ओलसर मातीत पाणी हळूहळू मिळालं की ती सावकाश सांधली जातात. टिपाडात बुडवलं की सांधायला उसंतच मिळत नाही. आवरणं फाटतात आणि आतली साखर, अमिनो आम्लं बाहेर झिरपतात. मामांच्या टिपाडातलं पाणी सकाळी गढूळ झालं होतं, वर फेस होता. तो फेस औषधाचा नव्हे, बियांनी स्वतःसाठी बांधून ठेवलेली शिदोरी पाण्यात गेली होती. एक दाणा चिमटीत धरला तर साल सुटून दोन फाका वेगळ्या, म्हणाले. असं बी चाड्यातून जाताना निम्मं चेंगरतं, आणि जे मातीत पडतं त्याच्या गळणाऱ्या साखरेवर बुरशी आयती जेवते. यात जिब्रेलिक ॲसिड असो वा गंगाजल, फरक पडत नाही.

हो, भात भिजवतात, कारल्याचं बी भिजवतात, आणि त्याचा फायदाही होतो. पण कारल्याच्या बीचं टरफल आणि सोयाबीनचं साल यांत काही फरक आहे की नाही?

आता "मेलेलं बी उगवतं". जिब्रेलिक ॲसिड हे जिब्रेलिन नावाचं संजीवक, आणि संजीवक म्हणजे झाडाच्या एका भागाने दुसऱ्याला धाडलेला निरोप. सातूच्या दाण्यात पाणी शिरलं की गर्भ ते सोडतो, दाण्याच्या कडेचा थर ते ओळखून अमायलेज तयार करतो, पिठाची साखर होते आणि मोडाला खायला मिळतं. उलट ॲब्सिसिक आम्ल बी झोपवून ठेवतं. म्हणजे जिब्रेलिन झोपलेल्या बीला उठवू शकतं. नुकत्याच काढलेल्या बटाट्याचे डोळे त्याने फुटतात, ते खरं आहे. पण आपलं सोयाबीन जूनमध्ये झोपलेलं नसतं. ते उगवत नसेल तर काढणीत भिजलेलं, मळणी यंत्रात फुटलेलं किंवा जुनाट झालेलं असतं. मढ्याला हाका मारून ते उठत नाही. आणि 100 टक्के कुठलं काढलं? प्रमाणित बियाण्यालाच किमान 70 टक्के उगवणीची अट आहे.

"झाड दुप्पट" हे वाचून तर हसूच आलं, कारण हे संजीवक सापडलं तेच एका रोगातून. भाताची रोपं एकाएकी उंच, फिकट, किडकिडीत होऊन लोळायची. जपानी शेतकरी त्याला 'बाकानाए', म्हणजे वेडं रोप म्हणत. 1926 साली तैवानमध्ये एइइची कुरोसावा यांनी दाखवलं की रोपं वेडी करणारा पदार्थ एक बुरशी सोडते. त्या बुरशीवरूनच पुढे जिब्रेलिन हे नाव पडलं. ('नैसर्गिक म्हणून अपाय शून्य' याचं उत्तर इथेच आलं.) उलट 1966 साली आलेला आयआर-8 भात बुटका का? त्याच्यात जिब्रेलिन कमी बनतं. हरितक्रांतीचा बुटका गहू तर जिब्रेलिनला फारशी दादच देत नाही. उंची घटली, पीक लोळायचं थांबलं, तेव्हा दाणा वाढला. सोयाबीन नुसतं माजलं की शेंगा कमी लागतात, हे मामांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तेव्हा वाढ रोखायला जी औषधं फवारतात, त्यांतलं क्लोरमेक्वाट झाडातलं जिब्रेलिन बनणंच अडवतं.

द्राक्षाचं मात्र खरं आहे, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. थॉम्पसन जातीच्या द्राक्षाच्या मण्यात बी धरत नाही, बीकडून मिळणारं जिब्रेलिन कमी पडतं, म्हणून नाशिकचे बागायतदार ते बाहेरून देतात. पण दहा, वीस, चाळीस पीपीएम (म्हणजे लिटरला तितके मिलिग्रॅम) असं मोजून, आणि आधी अल्कोहोलसारख्या द्रावकात विरघळवून, कारण ही पूड पाण्यात धड विरघळत नाही. चमचाभर म्हणजे पाच ग्रॅम धरा. दहा लिटरला 500 पीपीएम झाले. तेही विरघळलं तर.

टिपाडातलं बी उकिरड्यावर गेलं. उरलेल्या पोत्यातले शंभर दाणे मामांनी ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडले, गुंडाळी सावलीत ठेवली, रोज पाणी शिंपडलं. सातव्या दिवशी उघडून मोजले: चांगले मोड 64. एकरी तीसऐवजी तेहतीस किलो पेरायचं ठरलंय, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावर, आणि कोरडंच.