डेव्ह रॉबर्ट्सवर एवढं का लिहिलं? एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही म्हणता, यांकीजचा, म्हणजे न्यूयॉर्कच्या बेसबॉल संघाचा, फॅन म्हणवतोस आणि रेड सॉक्सच्या, म्हणजे बॉस्टनच्या संघाच्या, डेव्ह रॉबर्ट्स या राखीव खेळाडूवर अख्खी पोस्ट लिहितोस, तो बॉस्टनकडून खेळला जेमतेम 45 मॅच, चोरला एक बेस (म्हणजे हिट नसताना पळून पुढचा बेस गाठला), हिट मारली बिल म्युलरने, मॅच जिंकली ऑर्टिझने, मग याचं कौतुक कशाला.

45 चा आकडा बरोबर आहे. म्युलर, ऑर्टिझ तेही बरोबर. आणि राग म्हणाल तर तो मलाही आहे, आजही आहे.

पण 17 ऑक्टोबर 2004 ची ती रात्र आठवा ना. आपले यांकीज वर्ल्ड सिरीजच्या आधीच्या सिरीजमध्ये, जिथे चार मॅच जिंकाव्या लागतात, 3-0 पुढे, आदल्या रात्री त्यांना त्यांच्याच फेनवे मैदानात 19-8 ने धुतलेलं, चौथ्या मॅचला नवव्या इनिंगमध्ये आपण 4-3 आणि बॉल मारियानो रिवेराच्या, शेवटी येऊन मॅच संपवणाऱ्या आपल्या पिचरच्या, हातात. जर्सी सिटीच्या त्या छोट्या खोलीत आम्ही चौघं होतो, कोणी बसायला तयार नव्हतं. रिवेराने त्यांच्या केविन मिलारला वॉक, म्हणजे फुकटात पहिला बेस, दिला आणि त्याच्या जागी पळायला रॉबर्ट्स आला, सगळी मॅच बेंचवर बसून काढलेला माणूस, आपल्याकडे बारावा गडी म्हणतात तसा. तो फक्त बेस चोरायला आलाय हे फेनवेतल्या पोरासोरांनाही कळत होतं, रिवेराला तर कळत होतंच. त्याला आउट करायला तीन वेळा रिवेराने पहिल्या बेसकडे बॉल फेकला, तिसऱ्या वेळेला तर रॉबर्ट्स थोडक्यात वाचला, मी तेव्हा आउट म्हणून ओरडलोसुद्धा होतो. आणि तरी रिवेराने बॅट्समनला टाकलेल्या पुढच्याच बॉलला तो दुसऱ्या बेसकडे सुटला.

रिप्ले मी कितीतरी वेळा बघितलाय. आपल्या कॅचर पोसाडाचा थ्रो चांगला आहे, दुसऱ्या बेसवर आपला जीटर जागेवर आहे, टॅगही (बॉल अंगाला लावून आउट करणं) झटकन आलाय, फक्त त्याआधी रॉबर्ट्सचा हात बेसला लागलेला आहे. आपल्या कोणाचीच चूक नाही हो त्यात! मग म्युलरची हिट, 4-4, बाराव्या इनिंगला ऑर्टिझचा होमरन, रात्रीचा एक वाजून गेलेला आणि खोलीत कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

म्हणून मला तुमचं म्हणणं पटत नाही. रिवेरा म्हणजे 652 सेव्ह (संघ पुढे असताना शेवटी येऊन सांभाळलेल्या मॅच), बेसबॉलच्या सर्वोच्च मानात, हॉल ऑफ फेममध्ये, 100 टक्के मतांनी गेलेला एकमेव खेळाडू. रॉबर्ट्सला किरकोळ म्हटलं तर त्या रात्री आपला रिवेरा किरकोळ माणसाकडून हरला असं होतं, ते मी कसं मान्य करू? आणि नुसता पळायला आला म्हणता, पण त्या वर्षी आधीचा संघ लॉस एंजेलिस डॉजर्स आणि बॉस्टन मिळून बेस चोरायचे 41 वेळा प्रयत्न केले त्याने, 38 वेळा सेफ. डॉजर्सकडे असताना मॉरी विल्सने, ज्याने 1962 ला 104 बेस चोरले होते त्याने, रॉबर्ट्सला सांगून ठेवलं होतं की एक दिवस असा येईल की तू चोरणार हे सगळ्यांना माहीत असेल आणि तरी तुला चोरावाच लागेल. म्हणजे तयारी होती.

पाचव्या मॅचला परत तेच, परत मिलारच्या जागी येऊन बरोबरीची रन. आपण 3-0 वरून सिरीज घालवली, त्यांनी 1918 नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज जिंकली, आणि त्या वर्ल्ड सिरीजमध्ये रॉबर्ट्सला एकदाही मैदानात उतरवलं नाही, डिसेंबरमध्ये तर पाद्रेज या दुसऱ्या संघाला देऊनही टाकलं. हे कळलं तेव्हा मला वाईट वाटलं, बॉस्टनच्या माणसासाठी वाईट वाटलं, आणि ते मी पोस्टमध्ये लिहिलं. 2024 ला डॉजर्सचा मॅनेजर म्हणून त्याने आपल्याला वर्ल्ड सिरीजमध्ये 4-1 हरवलं तेव्हा जुनी जखम परत उघडी पडली, तेही लिहिलंय, तुम्ही तो भाग वाचला नसावा.

पोस्ट काढणार नाही, दादा. एकदा रिप्ले लावा, तिसरा थ्रो होईपर्यंत फक्त त्याच्या पायांकडे बघा, तो लीड, म्हणजे बेसपासून पुढे घेतलेलं अंतर, इंचभरही कमी करत नाही. मग लिहा परत, मी वाट बघतोय.