मुतखडा प्रत्येक वेळी कॅल्शियमचाच नसतो

मुतखड्यावरचा लेख चांगलाय पण मुतखडा म्हणजे कॅल्शियम, टोमॅटो-पालक बंद करा, एवढ्यावरच थांबलाय. सिस्टिन्युरिया, म्हणजे सिस्टिन नावाच्या अमिनो अॅसिडचे खडे होणारा आनुवंशिक आजार, त्याबद्दल एक ओळ तरी हवी होती. किडनी रक्त गाळते तेव्हा अमिनो अॅसिडही (प्रोटीनचे छोटे घटक) खाली उतरतात, ती परत आत ओढून घ्यायला नलिकेच्या पेशींच्या पडद्यात वाहक प्रोटीन असतात, त्यातलं एक दोन भागांचं असतं, एक भाग प्रत्यक्ष वाहतूक करतो आणि दुसरा त्याला पडद्यापर्यंत पोचवतो, यातल्या एकाच्याही जीनमध्ये बिघाड असला की सिस्टिन, लायसिन, आर्जिनिन, ऑर्निथिन चारही लघवीतून वाहून जातात. बाकीची तीन सहज विरघळतात, सिस्टिन नाही, म्हणून खडे. बरं, हेच वाहक आतड्यातही बिघडलेलं असतं, तरी कुपोषण होत नाही कारण दोन-तीन अमिनो अॅसिडचे छोटे तुकडे शोषणारा वेगळा वाहक तिथे आहे, हे मला फार भारी वाटतं!

लहान वयात खडे, पुन्हा पुन्हा खडे, घरात आणखी कुणाला असेल तर प्लीज पडलेला खडा फेकू नका, लॅबमध्ये तपासून घ्या. उपचार वेगळे आहेत, रात्रीसुद्धा भरपूर पाणी, मीठ कमी, लघवीची आम्लता कमी करायला पोटॅशियम सायट्रेट, नाहीच भागलं तर टायोप्रोनिन हे औषध, सगळं डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.