‘आकारहीन’ रिसेप्टरवरचं औषध: अजून बाजारात तुरी

प्रोस्टेट कॅन्सरबद्दल एक मजकूर फिरतोय. हार्मोन रिसेप्टरच्या आकारहीन भागावर मारा करणारं औषध सापडलंय, ते समुद्री स्पंजातलं म्हणजे नैसर्गिक आहे, आजवरची औषधं चुकीच्या जागी जात होती आणि हार्मोनची इंजेक्शनं आता कालबाह्य झाली, असं त्यात म्हटलंय. यातलं निम्मं खरं आहे, म्हणूनच जास्त वैताग.

चुकीची जागा? अँड्रोजेन रिसेप्टर, म्हणजे पेशीत टेस्टोस्टेरॉनसारख्या पुरुषी हार्मोनचा संदेश झेलणारं प्रथिन, ही सुमारे ९२० अमिनो आम्लांची साखळी. तिच्या शेपटाकडे पक्की घडी आणि खाच आहे. टेस्टोस्टेरॉन त्या खाचेत बसतं, आणि एन्झालुटामाइड हे प्रचलित औषध तीच जागा अडवतं. जागा बरोबरच आहे, पण पुरत नाही. डोक्याकडचा निम्म्याहून मोठा भाग घडीच घेत नाही, पाण्यात सुटलेल्या दोऱ्यासारखा हलत राहतो. जनुकं चालू करण्याचं काम मात्र मुख्यतः त्याचं. काही कॅन्सरपेशी शेपूटच नसलेला रिसेप्टर बनवतात, त्याचं नाव एआर-व्ही७. मग औषधाने बसायचं कुठे? जॉन्स हॉपकिन्सच्या २०१४च्या अभ्यासात एन्झालुटामाइड किंवा अबिराटेरॉन (शरीरात टेस्टोस्टेरॉन बनणं रोखणारं औषध) घेणाऱ्या ६२ रुग्णांपैकी १८ जणांत तो सापडला. त्या १८पैकी एकाचाही पीएसए, म्हणजे रक्तातली या कॅन्सरची खूण, निम्म्यावर आला नाही.

‘नैसर्गिक’ची गंमत तर वेगळीच. व्हँकूव्हरच्या संशोधकांनी २०१०मध्ये मांडलेलं ईपीआय-००१, म्हणजे या आकारहीन भागावर मारा करणारा रेणू, स्पंजाच्या अर्कातून मिळालं खरं, पण रचनेने ते बिस्फेनॉल-ए या प्लास्टिकमधल्या रसायनाच्या गोतावळ्यातलं, म्हणजे इपॉक्सी रेझिनच्या कारखान्याचं नातलग. स्पंजाने ते बहुधा प्रदूषित पाण्यातून उचललं!

आणि ‘सापडलं’ म्हणजे काय? खाचच नसलेल्या भागाला रेणू चिकटवणं महाकठीण. बार्सिलोनाच्या गटाने २०२३मध्ये एक वाट दाखवली: हे रिसेप्टर पेशीत थेंबांसारखे गोळा होतात, आणि त्या थेंबांत शिरेल असा रेणू घडवता येतो. उंदरांमधल्या गाठींची वाढ त्याने मंदावली. उंदरांमधल्या.

माणसांवरचा हिशेब कोरडा आहे. ईपीआय-००१च्याच कुळातल्या ईपीआय-५०६ची चाचणी २०१५मध्ये सुरू झाली. शरीर ते इतक्या झटपट निकालात काढायचं की दिवसाला मूठभर कॅप्सूल गिळाव्या लागत, म्हणून ते सोडून दिलं. त्याच कुळातलं पुढचं औषध मासोफॅनिटेन एन्झालुटामाइडच्या जोडीला देऊन पाहिलं. नुसत्या एन्झालुटामाइडपेक्षा ठळक फायदा दिसेना, तेव्हा २०२४मध्ये कंपनीने स्वतःच ती चाचणी थांबवली. त्या चाचणीतही दोन्ही गटांची टेस्टोस्टेरॉन दाबून ठेवणारी उपचारपद्धती चालूच होती. मग हार्मोनची इंजेक्शनं कालबाह्य कशी?