“रात्रीचं चलन माफ होतं” म्हणे! मी ४ हजार भरून बसलोय

आमच्या फॅमिली ग्रुपवर काकांनी टाकला, मग सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग ऑफिसच्या. मेसेज साधारण असा: रात्री ११ ते पहाटे ५ स्पीड कॅमेऱ्याचं चलन धरत नाहीत, पेशंटसाठी जात असाल तर पार्किंग लाइट चालू ठेवा, गाडीला अँब्युलन्सचा दर्जा मिळतो, तरी चलन आलंच तर हॉस्पिटलचा कागद अ‍ॅपवर टाका, गुड समॅरिटन कायद्याने २४ तासांत रद्द, आणि काहीच नाही जमलं तर १५ दिवस गप्प बसा, आपोआप बाद होतं, नाहीतर लोकअदालतीत पाव पैशात मिटतं.

काका, राग मानू नका, पण यातलं जवळजवळ सगळं मी स्वतः करून बघितलंय.

रात्री पावणेदोनला दादाचा फोन, आईला दम लागलाय, पनवेलला अ‍ॅडमिट करतोय. मी चिंचवडहून तसाच निघालो, एक्सप्रेसवे रिकामा, पाय दाबलेलाच. चार दिवसांनी दोन एसएमएस. एक सपाटीवरचा, १०० च्या जागी ११८, दुसरा घाटातला, ६० च्या जागी ८१. दोन्हीचे फोटो उघडले तर काळ्या अंधारात फक्त नंबर प्लेट पांढरीफटक उजळलेली, खाली वेळ आणि स्पीड. म्हणजे रात्री कॅमेरा झोपतो वगैरे सोडून द्या, त्याला उजेड लागतच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ मध्ये वेगाचा दंड आहे, त्यात दिवस-रात्र असा काही भेद नाही. कारला एका वेळचे २ हजार, आणि परत परत सापडलात तर लायसन्स जप्तीची पण तरतूद आहे.

पार्किंग लाइटचं तर हसूच येतं. चारही इंडिकेटर लावून लोक पावसात १०० ने जातात तेच मुळात चुकीचं, मागच्याला कळतच नाही हा वळतोय की थांबतोय. सायरन आणि दिव्याची सवलत अँब्युलन्स, फायर ब्रिगेड अशा गाड्यांना आहे. तुमच्या स्विफ्टमध्ये पेशंट असला तरी ती स्विफ्टच राहते. पेशंट खरंच सिरियस असेल तर १०८ लावा, त्यात ऑक्सिजन असतो, तुमच्या मागच्या सीटवर नसतो.

आता गुड समॅरिटन, कारण इथे फॉरवर्डवाल्याने खऱ्या गोष्टीला खोटं शेपूट जोडलंय. कायदा खरा आहे, २०१६ ला सुप्रीम कोर्टाने नियमांवर शिक्का मारला आणि २०१९ च्या दुरुस्तीत कलम १३४अ आलं. पण तो कोणासाठी, तर रस्त्यात अपघात झालेल्या माणसाला उचलून नेणाऱ्यासाठी. त्याला नाव सांगायची सक्ती नाही, आणि जखमी दगावला तर मदत करणाऱ्याच्या गळ्यात केस पडू नये म्हणून. स्वतःच्या आईला भेटायला जाताना मारलेल्या स्पीडचा त्यात कुठे संबंध आला?

कागद मीही टाकला होता. ट्रॅफिक पोलिसांच्या महाट्रॅफिक अ‍ॅपमध्ये तक्रारीचा ऑप्शन आहे, तिथे अ‍ॅडमिशनचा पेपर जोडला, दोन पॅरेग्राफ भावनिक लिहिले. उत्तर आलं एका ओळीत, चलन योग्य आहे. तेव्हा चिडलो, पण खरं सांगायचं तर तिथे बघतात फोटोतली गाडी तीच का, नंबर बरोबर वाचलाय का, तुमची घाई मोजायला तिथे कोणी बसलेलं नाही. माझ्या मामेभावाच्या स्कूटरवर चलन आलं होतं, फोटो मोठा करून बघितला तर प्लेटवर ३ चा ८ वाचलेला, त्याचं झालं रद्द. असं काही असेल तर जरूर भांडा, आणि पैसे भरायच्या आधी भांडा, एकदा भरलं की विषय संपला.

घाई ऐकून घेणारी जागा एकच, कोर्ट. मोठं नुकसान टाळायला, वाईट हेतू नसताना केलेल्या कृतीला बचाव आहे, आधी आयपीसीचं, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ८१, आता भारतीय न्याय संहितेचं कलम १९. वकील मित्राला विचारलं तर त्याने उलटा प्रश्न टाकला, पेशंट गाडीत होता का? नव्हता. तू पोचल्याने उपचारात काय बदललं? गप्पच बसलो. घाट सोडून ८० किलोमीटर धरा, १०० ने ४८ मिनिटं, १२० ने ४०. आठ मिनिटं वाचली, आणि हॉस्पिटलच्या गेटवर वॉचमनशी पार्किंगवरून दहा मिनिटं गेली. वर दादा म्हणतो, अरे ती झोपलीय, तू का असा घामाघूम?

१५ दिवसांचं पण असंच अर्धवट. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम १६७अ आला त्यात होतं की कॅमेऱ्याने पकडलं तर नोटीस १५ दिवसांत पाठवायची, आणि पुढे कॅमेरा आहे याची पाटी हवी. म्हणजे मुदत पाठवणाऱ्याला, तुम्हाला गप्प बसायला नाही. नोटीस उशिरा आली तर तो मुद्दा तुम्ही मांडायचा, आपोआप काहीही पुसलं जात नाही. आणि आरटीओकडे जुना मोबाइल नंबर असेल तर एसएमएस कधी आला तेच कळणार नाही, ते आधी बदलून घ्या.

लोकअदालत असते, चलनं तिथे मिटतातही, पण किती कमी होईल ते काकांच्या मेसेजवर ठरत नाही. तोवर थकलेलं चलन गाडी विकताना आडवं येतं.

काल त्याच ग्रुपवर ‘आरटीओ चलन’ नावाची एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये परस्पर अ‍ॅप टाकणारी फाइल, पण आलीय. खरं चलन असल्या फाइलमधून येत नाही, उघडली तर दंड नाही, अख्खं खातंच जाईल. काका, ती तेवढी डिलीट करा.